पत्रकातील दडलेल्या ओळी : मजकूर-चौकटीचे प्राथमिक धडे

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे भोवतालच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. हा परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यान्वये येथील ग्रामसभांना विशेष अधिकार लाभले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद मागावयाची झाल्यास, ठरावाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करावा लागतो. अशा ठरावाची माहिती देणारे पत्रक संगणकावर तयार करताना मुदतीची शेवटची ओळ अथवा यादीतील अखेरची दोन नावे छापून आलीच नाहीत, तर त्या कुटुंबांचे होणारे नुकसान सहज भरून येणारे नसते. म्हणूनच पत्रके जुळविणाऱ्या नवशिक्या सेवकाने, शिक्षकाने वा पंचायत सदस्याने मजकूर-चौकटीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चौकट म्हणजे काय?

१९८५ मध्ये आल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ बाजारात आले आणि टेबलावरच पान जुळविण्याची पद्धत रूढ झाली. आज ‘इनडिझाइन’ अथवा विनामूल्य मिळणारे ‘स्क्रायबस’ यांसारख्या प्रणाली वापरात आहेत. या प्रणालींत मजकूर थेट पानावर नसतो. तो ‘टेक्स्ट बॉक्स’ किंवा ‘टेक्स्ट फ्रेम’ नावाच्या चौकटीत असतो. पायलीत मावेल तेवढेच धान्य दिसावे, तसा चौकटीत मावेल तेवढाच मजकूर दिसतो. मात्र उरलेला मजकूर सांडत नाही. तो फाइलमध्ये शिल्लक राहतो, केवळ नजरेआड होतो.

मजकूर अर्धवट दिसणे

नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण हीच होय. तिची खूण चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ मिळते. इनडिझाइनमध्ये तेथे तांबडे अधिक-चिन्ह दिसते, तर स्क्रायबसमध्ये फुली असलेला लहान चौकोन दिसतो. ही खूण दिसताच चौकट खाली ओढून मोठी करावी. पानावर जागा नसल्यास दुसरी चौकट काढून पहिलीशी जोडावी. स्क्रायबसमध्ये पहिली चौकट निवडून ‘लिंक टेक्स्ट फ्रेम्स’ हे साधन घ्यावे व दुसऱ्या चौकटीवर टिचकी मारावी. उरलेला मजकूर तेथे आपोआप वाहत जातो. अक्षरे लहान करून सारे एकाच चौकटीत कोंबणे हा उपाय नव्हे, कारण फलकावरील पत्रक वयोवृद्धांनाही वाचता आले पाहिजे.

चौकट रिकामी दिसणे

चौकट रिकामी दिसल्यास तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. अक्षरांचा रंग कागदासारखा पांढरा झाला आहे काय. चौकटीवर एखादे चित्र वा बोधचिन्ह येऊन बसले आहे काय. आणि अक्षरांचा आकार इतका मोठा आहे काय की एकही ओळ आत मावू नये. चित्राला ‘मजकूर भोवतीने वाहावा’ अशी आज्ञा दिलेली असल्यास तेही मजकुराला बाहेर लोटते. चित्र थोडे बाजूस सरकवून पाहिले की कारण ध्यानात येते.

देवनागरीच्या खास अडचणी

जुन्या फाइलींतील मराठी मजकूर पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसल्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. अशा वेळी मूळ फॉन्ट मिळवावा किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर नावे, गट क्रमांक व तारखा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात.

युनिकोड असूनही जोडाक्षरे सुटी पडत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर दोष बहुधा प्रणालीच्या अक्षरजुळणीत असतो. स्क्रायबसच्या १.४ आवृत्तीत देवनागरीची जुळणी नीट होत नसे, १.६ आवृत्तीत ती होते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. रफार व वेलांट्या वरच्या ओळीस भिडत असतील, तर ओळींमधील अंतर वाढवावे. रोमन लिपीला पुरणारे अंतर देवनागरीला अपुरे पडते. अंतर वाढविल्यावर मजकूर लांबतो, म्हणून कोपऱ्यातील खूण पुन्हा पाहावी.

छपाईपूर्वीची तपासणी

स्क्रायबसमधील ‘प्रीफ्लाइट व्हेरिफायर’ चौकटीबाहेर गेलेला मजकूर व फॉन्टमध्ये नसलेली अक्षरे दाखवून देतो. त्यानंतर फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ प्रत काढावी, म्हणजे छपाईच्या ठिकाणी तोच फॉन्ट नसला तरी पत्रकाचे रूप बदलत नाही. परंतु मूळ मसुद्यातच राहून गेलेले नाव यंत्राला कळत नाही. त्यासाठी एका व्यक्तीने हस्तलिखित मसुदा वाचावा व दुसरीने छापील प्रतीवर बोट ठेवून ताडावे. यादीतील नावे दोन्हीकडे मोजावीत आणि शेवटची ओळ आवर्जून पाहावी. या तपासणीस थोडाच वेळ लागतो. ज्याला ६० दिवसांत दाद मागावयाची आहे, त्याचे सारे दिवस मात्र त्यामुळे शाबूत राहतात.