सुटकेचं गाणं कसं वाचावं

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अमरावती-अकोल्याच्या घराघरांत भुलाबाई बसते. टिपऱ्यांच्या ठेक्यावर मुली जी गाणी म्हणतात, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत सासरचा जाच असतो. त्याच मुली एरवी क्वीन या बँडचं ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ ऐकतात. जीव गुदमरवणाऱ्या नात्यातून बाहेर पडायची ओढ दोन्हीकडे आहे, म्हणून गाणं वाचायची खालची कृती दोन्ही गाण्यांना चालते.

लागणारं साहित्य : वही, लाल आणि निळा पेन, तीन-चार मैत्रिणी, तासभर निवांत वेळ.

कृती

१. आधी नुसतं ऐका. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्ष देऊ नका. चाल आनंदी आहे की जड, एवढंच टिपा. या दोन्ही गाण्यांत ठेका उत्साही आणि मजकूर दुखरा आहे. चाल हसरी म्हणून दुःख हलकं समजू नका.

२. शब्द हातानं लिहून काढा. प्रत्येक ओळीखाली घरी बोलता त्या वऱ्हाडीत अर्थ लिहा. पुस्तकी भाषेत त्याची बोच बोथट होते.

३. बोलतंय कोण, ते ठरवा. क्वीनचं हे गाणं १९८४ सालचं. गायलं फ्रेडी मर्क्युरीनं, पण लिहिलं बासवादक जॉन डीकननं. त्यामुळे गायकाचं आयुष्य थेट गाण्यावर चिकटवू नका. भुलाबाईच्या गाण्याला एक कवी नाही, ते बायकांच्या पिढ्यांनी घडवलं. त्यात बोलते सून, पण गातात बहुधा सासर न पाहिलेल्या मुली. पुढं काय वाट्याला येऊ शकतं, हे त्या खेळता खेळता शिकतात.

४. जाचाची रीत लाल पेनानं अधोरेखित करा. फक्त मारहाण शोधू नका. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायला मागते. सासू म्हणते, आधी बी पेर. मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. ‘जाऊ नको’ असं ती एकदाही म्हणत नाही, एक अट पुरी झाली की दुसरी घालते. माणसाला अडकवून ठेवायची ही फार जुनी रीत आहे. क्वीनच्या गाण्यात तिची जागा जोडीदाराच्या खोटेपणानं आणि आत्मसंतुष्टपणानं घेतली आहे.

५. अडखळण्याच्या जागा निळ्या पेनानं दाखवा. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. डीकनच्या गाण्यातला माणूस ‘मला तुझी गरज नाही’ असं बजावतो आणि पुढं जोडीदाराविना राहायची सवय होत नाही, असंही कबूल करतो. ही विसंगती नाही आणि कमकुवतपणाही नाही. जाच करणाऱ्याविषयीची माया एका दिवसात आटत नाही. सुटकेचं गाणं खरं वाटतं ते या अडखळण्यामुळंच.

६. शेवट तपासा. कारल्याच्या गाण्यात सुनेला अखेर माहेरची वाट मोकळी होते, पण माहेरपण चार दिवसांचं. मग ही सुटका झाली की नुसती रजा मिळाली? क्वीनच्या गाण्यात माणूस खरंच बाहेर पडला, की अजून पडू पाहतोय? यावर मैत्रिणींशी वाद घाला.

७. अर्थ दोन-तीन वाक्यांत लिहा. प्रत्येक विधानापुढं गाण्यातली आधाराची ओळ दाखवा. आधार सापडला नाही तर ते विधान खोडा.

महत्त्वाचं : वाचताना एखादी मैत्रीण गप्प झाली तर तिला खोदून विचारू नका, मागाहून एकटीला भेटा. तिच्या घरी असा जाच होत असेल, तर तिला हे सांगा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचा आधार आहे. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि तिलाही द्या.