आज्ञा देण्यापूर्वी : हार्ड डिस्कची विभागणी आणि फ्लॉपीची आखणी

ज्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या संगणक-कक्षात काळ्या पडद्यावर लुकलुकणारी रेघ पाहिली, त्यांना एफडिस्क आणि फॉरमॅट हे दोन शब्द आठवत असतील. त्या काळी आमच्या यंत्रांवर एम.एस. डॉस ६.२२ ही प्रणाली होती. जे काम हवे ते अक्षरांत टंकायचे आणि एंटर कळ दाबायची, एवढाच व्यवहार. तो पाठ पालकांनाही समजावा अशा रीतीने येथे पुन्हा मांडत आहोत.

नवी हार्ड डिस्क म्हणजे आतून एकही भिंत नसलेली वसतिगृहाची इमारत. मुले राहायला येण्यापूर्वी तेथे दोन कामे करावी लागतात. आधी खोल्या पाडायच्या. मग प्रत्येक खोलीत खाटा मांडून त्यांना क्रमांक द्यायचे आणि कोण कोठे आहे याचा पट उघडायचा. पहिले काम एफडिस्कचे, दुसरे फॉरमॅटचे.

एफडिस्क सुरू केले की चार पर्याय दिसत : विभाग निर्माण करणे, चालू विभाग ठरविणे, विभाग काढून टाकणे आणि असलेली विभागणी पाहणे. आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी चौथ्या पर्यायापासून आरंभ करावयास सांगत असू, कारण तो केवळ दाखवितो, बदलत काहीच नाही. विभागणीचा तक्ता डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो. त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. म्हणून आधी प्राथमिक विभाग करायचा, त्याला सी: हे अक्षर मिळे, उरलेल्या जागेत विस्तारित विभाग करून त्याच्या पोटात डी: सारखे तार्किक ड्राइव्ह पाडायचे. प्राथमिक विभाग ‘चालू’ ठरविला नाही, तर यंत्र त्या डिस्कवरून सुरू होत नसे. एका ड्राइव्हची मर्यादा २ जी.बी. होती. विभाग काढताना क्रम उलटा : आधी तार्किक, मग विस्तारित, शेवटी प्राथमिक.

यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ‘फॉरमॅट सी: /एस’ ही आज्ञा. त्यातील ‘/एस’मुळे यंत्र सुरू होण्यास लागणाऱ्या फायलीही सी: वर जात. प्रणाली बिघडली तर सी: पुसता येई आणि मुलांचे काम डी: वर सुरक्षित राही, हा विभागणीचा लाभ. मात्र डिस्कच निकामी झाली तर दोन्ही विभाग एकदमच जातात. भिंत म्हणजे दुसरी इमारत नव्हे.

आता फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर १८ सेक्टर. म्हणजे एकूण २,८८० सेक्टर. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की १४,७४,५६० बाइट होतात. यांतील ३३ सेक्टर आरंभाची माहिती आणि पट यांसाठी राखीव असल्याने वापरण्यास १४,५७,६६४ बाइट उरत.

‘फॉरमॅट ए: /क्यू’ म्हटले की केवळ पट कोरा होई, मजकूर जागेवरच असे, पण त्याचा पत्ता हरवे. साध्या ‘फॉरमॅट ए:’ने आधीच आखलेल्या फ्लॉपीवरील जुन्या पटाची प्रत ठेवली जाई आणि नवे काही लिहिले नसेल तर ‘अनफॉरमॅट’ने तो परत मिळण्याची आशा असे. ‘/यू’ जोडले की पट्टे नव्याने आखले जात आणि ती आशाही संपे. हार्ड डिस्कच्या वेळी यंत्र सर्व माहिती नष्ट होईल असे बजावून होय की नाही ते विचारी. फ्लॉपीच्या वेळी मात्र ती घालून एंटर दाबा, एवढेच म्हणे.

याच ठिकाणी आम्ही चुकलो. एका शनिवारी जुन्या फ्लॉप्या नव्याने आखण्याचे काम चालले होते. खराब सेक्टर कळावेत म्हणून आम्ही ‘/यू’ वापरत होतो. चिठ्ठी न लावलेली एक फ्लॉपी त्या ढिगात आली. ‘डीआयआर ए:’ करून आत काय आहे ते पाहिले नाही; एंटर दाबली. तिच्यात हस्तलिखित वार्षिकासाठी दहावीच्या मुलांनी आपापल्या गावाविषयी लिहिलेले लेख होते. दुसरी प्रत नव्हती. लेखन-बंदीची खिडकी उघडी ठेवली असती, तरी ते वाचले असते.

बहुतेकांनी कुरकुर न करता पुन्हा लिहून दिले. दोघे मात्र परीक्षा संपवून गावी गेले होते.

आज फ्लॉपी नाही, पण पेनड्राइव्ह घरोघरी आहे. विंडोजमधील डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून ‘क्लीन’ टंकले, तर तो काही न विचारता विभागणी पुसतो. म्हणून जुनाच नियम पाळावा : आधी यादी पाहावी, डिस्कचा क्रमांक आणि आकार ताडावा, प्रत दुसरीकडे आहे याची खात्री करावी, मगच एंटर.

ते हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात आहे. त्या दोघांसाठी सोडलेली पाने त्यात अजून कोरी आहेत. हा लेख त्यांच्या वाचनात आला, तर आपापल्या गावाविषयी त्यांनी पुन्हा लिहून पाठवावे, अशी आमची विनंती आहे. या वेळी आम्ही दोन प्रती ठेवू.