शालेय कागदपत्रे व फाईलचे प्रकार

शाळेतील नोंद ही केवळ कार्यालयाची सोय नव्हे. तीतील नाव व जन्मतारीख मुलाला आयुष्यभर उपयोगी पडते. यास्तव अशी नोंद संगणकावर कोणत्या रूपात ठेवावी, याचा शिक्षकाने विचार केला पाहिजे.

समजा, जांभूळ येथील एका शिक्षकाने विद्यार्थ्यांची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित करून अंबरनाथ येथे तालुक्याच्या ठिकाणी पाठविली. त्याच्या संगणकावर गावाचे नाव स्वच्छ दिसते. परंतु तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका दिसतो. कारण, अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृती बसविलेल्या असतात. फॉन्ट नसला की आकृती जाते व रोमन अक्षर उरते. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. ‘ज’चा क्रमांक २३३२, तो सर्वत्र तोच राहतो. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम असा की, कागद ज्याच्या हाती जाईल त्याने त्याचे काय करावयाचे आहे, हे पाहून फाईलचा प्रकार ठरवावा.

१. मजकुरात भर किंवा दुरुस्ती करावयाची असल्यास डॉक्स अथवा ओडीटी वापरावा. ओडीटीस २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. लिबरऑफिस या विनामूल्य साधनात तो उघडतो. मात्र संगणक बदलला की दोहोंतही पानाची मांडणी हलू शकते.

२. केवळ वाचावयाचा वा छापावयाचा कागद पीडीएफमध्ये पाठवावा. १९९३ साली निघालेल्या या प्रकारात फॉन्ट फाईलमध्येच सामावून घेता येतो. त्यामुळे मांडणी स्थिर राहते. परंतु अनेक शाळांनी भरावयाचा तक्ता असा पाठविल्यास प्रत्येकाला तो नव्याने टंकलिखित करावा लागेल.

३. दीर्घकाळ जपावयाच्या कागदासाठी पीडीएफ-ए हा २००५ सालचा प्रमाणित प्रकार आहे. त्यात फॉन्ट अंतर्भूत करणे बंधनकारक असते.

४. बेरीज-वजाबाकी करावयाचे आकडे ओडीएस किंवा एक्सएलएसएक्समध्ये ठेवावेत.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र पीडीएफमध्ये घातले, तरी ते चित्रच राहते. त्यात नाव शोधता येत नाही. तसेच पीडीएफमधून उचललेला मराठी मजकूर कित्येकदा विस्कटतो. म्हणून पीडीएफ तयार केल्यावरही मूळ फाईल पुसून टाकू नये.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील एक जुनी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडावी व तीत आपल्या गावाचे नाव शोधावे. ते सापडले नाही, तर ती फाईल आजच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी. ती वाचू शकणारा संगणक शाळेत आहे, तोवरच हे काम सोपे आहे.