आफ्रिकेतील महिला खाती आणि त्यांना जोडणारे जाळे

(द्वितीय वर्ष, कला)

आफ्रिका खंड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? सहारा वाळवंट, काँगोचे घनदाट अरण्य, किलिमांजारोचे शिखर आणि फार तर नेल्सन मंडेला. या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत, त्या देशांच्या सरकारांतही मंत्री, सचिव आणि फायली आहेत, आणि स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेले एखादे खाते वा आयोग तेथे जवळजवळ सर्वत्र आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला परिषदांचा विषय निघाला, तेव्हा सरांनी ‘राष्ट्रीय यंत्रणा’ हा शब्द फळ्यावर लिहिला. त्या शब्दाचा पाठपुरावा करता करता मी आफ्रिकेत जाऊन पोहोचले. (अर्थात कॉलेजच्या संगणक कक्षातून!)

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करायचा आहे. स्त्री-पुरुष समतेचे काम ज्यांच्याकडे सोपविले आहे अशी ही निरनिराळ्या देशांची सरकारी कार्यालये इंटरनेटच्या जाळ्याने एकमेकांशी जोडली, तर त्यातून नेमके काय साधते?

प्रथम या यंत्रणांचा जन्म पाहू. १९७५ साली मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद भरली आणि प्रत्येक देशाने स्त्रियांच्या उन्नतीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी असा आग्रह धरला गेला. घानाने त्याच वर्षी महिला व विकास राष्ट्रीय परिषद स्थापन केली. त्याच वर्षी अदिस अबाबा येथे, आफ्रिका आर्थिक आयोगाच्या छत्राखाली, स्त्रियांविषयीचे प्रशिक्षण व संशोधन केंद्रही सुरू झाले. नंतर १९८५ ची परिषद तर नैरोबीतच भरली. १९९५ साली बीजिंगला जी चौथी परिषद झाली तिच्या सरचिटणीस टांझानियाच्या गर्ट्रूड मोंगेला होत्या. तात्पर्य, या विषयात आफ्रिका मागच्या बाकावर बसलेली नव्हती.

पण कार्यालय उघडणे निराळे आणि त्याच्या हाती सत्ता देणे निराळे. घानाचेच पाहा. सरकारी परिषद असताना १९८२ पासून राष्ट्रप्रमुखांच्या पत्नीच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र महिला चळवळ उभी राहिली आणि मूळ परिषद तिच्या सावलीत झाकोळून गेली. नायजेरियात १९८७ साली राष्ट्रप्रमुखांच्या पत्नी मरियम बाबांगिडा यांनी ग्रामीण स्त्रियांसाठी मोठी योजना काढली. स्त्रियांच्या नावाने चालणारी सत्ता प्रत्यक्षात मूठभर मोठ्या घरच्या बायकांच्याच हाती राहते, अशी टीका नायजेरियाच्या अभ्यासक अमीना मामा यांनी केली आहे, आणि ती मला पटते. युगांडात १९८८ साली स्त्रियांसाठी खाते निघाले. पुढे त्याला संस्कृती व युवक हे विषय जोडले गेले, मग नाव बदलले, आणि १९९८ पासून ते स्त्री-पुरुष समता, कामगार व सामाजिक विकास खाते झाले. दक्षिण आफ्रिकेतही २००९ साली निघालेले महिला, बालक व अपंग खाते २०१४ मध्ये निराळ्या नावाने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात गेले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव पुन्हा बदलले. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावेसारखी या खात्याची गत होते; दरवेळी नवी वाटणी, नवी खोली. ज्याच्या दारावरची पाटीच स्थिर नाही, त्याने दुसऱ्या देशाशी पत्रव्यवहार तरी कोणत्या पत्त्यावरून करावा?

आता तारेकडे वळू. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आफ्रिकेतील बहुतेक देशांत इंटरनेट असे नव्हतेच. एक संगणक टेलिफोनने दुसऱ्या संगणकाला फोन लावी, साठलेली पत्रे त्याच्याकडे टाकी, तिकडची घेई आणि फोन ठेवी. पोस्टाच्या थैलीसारखाच हा प्रकार. अदिस अबाबाच्या आफ्रिका आर्थिक आयोगात पॅडिस नावाचा एक माहिती विभाग होता. त्याने अशी सोय चालविली होती. एका आफ्रिकी राजधानीतले पत्र दुसऱ्या आफ्रिकी राजधानीत जायचे तर पुष्कळदा लंडनवरून जाई. परकी सत्ता गेली, पण टपालाचा रस्ता जुनाच राहिला!

याबाबतीत सरकारी खात्यांच्या आधी स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटना जाग्या झाल्या. बीजिंगच्या परिषदेत निरनिराळ्या देशांतील स्त्रियांच्या एका पथकाने स्वतः संगणक जोडून शेकडो कार्यकर्त्यांना ईमेल शिकविले. २००४ साली तर याहून नवलाची गोष्ट घडली. आफ्रिकन युनियनने ११ जुलै २००३ रोजी मापुटो येथे स्त्रियांच्या हक्कांचा करार संमत केला होता. तो अमलात यायला पंधरा देशांची मान्यता हवी होती आणि सरकारे चालढकल करीत होती. तेव्हा संघटनांनी मोबाइलच्या साध्या संदेशाने मागणीपत्रावर सही करण्याची सोय केली. इंटरनेट नसलेल्या स्त्रीलाही त्यामुळे आपले नाव नोंदविता आले. २५ नोव्हेंबर २००५ रोजी करार अमलात आला. केवळ संदेशांनी ते झाले असे कोणी म्हणणार नाही, पण अडीच वर्षांच्या आत पंधरा मान्यता मिळविणे ही लहान गोष्ट नव्हती. आज चाळीसहून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे.

सरकारी कार्यालयांना मात्र खरा वेग मिळाला तो समुद्राखालच्या केबलीमुळे. तोपर्यंत पूर्व आफ्रिका उपग्रहावर अवलंबून होती; ती सेवा महाग आणि मंद. २३ जुलै २००९ रोजी सीकॉम ही केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया यांना जोडणारी ही केबल आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाही लागते, हे वाचून मला गंमत वाटली. नैरोबी आणि मुंबई यांच्यामध्ये एकेकाळी शिडाची गलबते चालत, आता तारा. याच वर्षी भारताच्या मदतीने अखिल आफ्रिकी ई-नेटवर्कही सुरू झाले. त्याची कल्पना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००४ साली आफ्रिकी संसदेपुढे मांडली होती आणि त्या संसदेच्या अध्यक्षा तेव्हा वर उल्लेखिलेल्या गर्ट्रूड मोंगेलाच होत्या. त्या जाळ्याची कामे तीन: दूरशिक्षण, दूरवैद्यक आणि राष्ट्रप्रमुखांची आपसांतील संभाषणे. त्यात महिला खात्यांना वेगळी जागा नव्हती. ते काम आफ्रिका आर्थिक आयोगाने हाती घेतले. राष्ट्रीय यंत्रणांना एकमेकींचे कायदे, अहवाल आणि अनुभव पाहता यावेत म्हणून त्याने ऑनलाइन जाळ्याचा उपक्रम काढला.

असा उपक्रम कागदावर फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात पहिली अडचण भाषेची. डाकार फ्रेंचमध्ये लिहिते, अक्रा इंग्रजीत, मापुटो पोर्तुगीजमध्ये आणि कैरो अरबीत. एकाने टाकलेला अहवाल दुसऱ्याने वाचायचा तर भाषांतर हवे, भाषांतराला पैसा हवा, आणि महिला खात्याची तिजोरी बहुधा सर्वांत हलकी. शिवाय संकेतस्थळावर माहिती भरायला माणूस लागतो. सरकारी संकेतस्थळे आपणही पाहतोच. उद्घाटनाच्या दिवशीचे फोटो तेवढे नीट असतात. म्हणून जाळे असणे आणि त्यातून काही वाहणे यांत मी फरक करते.

मग काहीच वाहिले नाही काय? वाहिले. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण अंदाजपत्रकाचे आहे आणि या लेखाचा गाभा मी तोच मानते.

सरकारचा पैसा स्त्रियांच्या वाट्याला किती येतो हे मोजण्याची कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातील, १९८४ ची. १९९४ च्या पहिल्या खुल्या निवडणुकीनंतर दक्षिण आफ्रिकेत काही खासदार आणि अभ्यासक एकत्र आले आणि १९९५ साली त्यांनी महिला अंदाजपत्रकाचा उपक्रम सुरू केला. प्रेग्ज गोव्हेंडर या खासदार आणि डेबी बडलेंडर या संशोधक त्यात अग्रभागी होत्या. कल्पना अशी की, स्त्रियांसाठी वेगळी चिमूटभर रक्कम मागत बसू नये. सगळ्या अंदाजपत्रकालाच प्रश्न विचारावा. समजा, पाणीपुरवठ्याची रक्कम कापली. अर्थखात्याच्या हिशेबी ती बचत झाली. पण नळ आला नाही म्हणून घागर घेऊन कोण चालले? त्या बाईचे रोजचे दोन तास कोणत्या रकान्यात मांडले? ज्यांच्या घरी आई डोक्यावरून पाणी आणते त्यांना हे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. मी त्यांपैकीच एक आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. परंतु हा हिशेब आईला माझ्याआधीच येत होता, फक्त तो कोणी छापला नव्हता.

ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतून उत्तरेकडे गेली. १९९७ च्या सुमारास टांझानियात स्त्रियांच्या संघटनांनी ती उचलली. युगांडात विनी ब्यान्यिमा यांनी स्थापन केलेल्या संस्थेने उचलली. तिकडे मोरोक्कोत अर्थविधेयकासोबत २००६ पासून स्त्री-पुरुष समतेचा अहवाल जोडला जाऊ लागला. हा प्रवास कशाने झाला? काही कार्यशाळांनी, काही पुस्तकांनी, काही ईमेलने. हिशेबाचे नमुने, तक्ते, प्रश्नांच्या याद्या अशा गोष्टी तारेवरून फार उत्तम जातात. त्यांना भाषणासारखी टाळ्यांची गरज नसते.

यातील विसंगती मात्र पाहण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेत अर्थखात्याने हा प्रयोग करून पाहिला आणि तो लवकरच थंडावला. उलट युगांडाने २०१५ च्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायद्यात तो पक्का केला. प्रत्येक खात्याचे अंदाजपत्रक समतेच्या कसोटीला उतरते असे प्रमाणपत्र तेथे आता लागते आणि ते देताना समान संधी आयोगाचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे रस्ते खात्याच्या बड्या साहेबालाही या लहानशा आयोगाच्या दारात यावे लागते. मला हा कायदा जाळ्याहून मोठा वाटतो. आयोगाच्या हातात किल्ली आली, तेव्हाच त्याला शेजाऱ्याचा तक्ता उपयोगी पडला. नुसती माहिती होती तोवर ती फाइलच होती. सगळे प्रमाणपत्रानुसारच खर्च होते असा दावा मी करीत नाही. प्रमाणपत्र मिळविण्यापुरता हिशेब लिहिण्याची कला कोणत्याही देशातील कचेऱ्यांना अवगत असते.

केनियाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. २०१० च्या घटनेत तेथे लिहिले आहे की कोणत्याही निवडून आलेल्या सभागृहात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशांहून अधिक सभासद नसावेत. २०११ साली समतेसाठी स्वतंत्र आयोगही स्थापन झाला. रुवांडाच्या संसदेत २००८ पासून स्त्रियांचे बहुमत आहे, २०१३ च्या निवडणुकीत तर ८० पैकी ५१ स्त्रिया आल्या, हे नैरोबीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एका क्षणात कळू शकत होते. तरीही केनियाच्या संसदेने आवश्यक तो कायदा केला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांनी या कारणावरून संसद बरखास्त करण्याचा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. संसद बरखास्त झाली नाही. येथे माहिती कमी पडली असे कोण म्हणेल?

त्याच २०२० सालच्या मे महिन्यात, कोरोनाच्या साथीत, आफ्रिकन युनियनने महिला खात्यांच्या मंत्र्यांची बैठक पडद्यावर घेतली. घरात कोंडलेल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीचा विषय तीत होता. विमानाचे तिकीट नाही, हॉटेलचा खर्च नाही. गरीब खात्यांना हे परवडण्यासारखे आहे आणि जाळ्याचा हा लाभ मान्य करायलाच हवा. पण ज्या बाईसाठी बैठक, तिच्या हाती काय होते? २०२४ साली आफ्रिकेत इंटरनेट वापरणारे लोक सुमारे ३८ टक्के होते आणि त्यांतही स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी. आमच्या घरी एकच स्मार्टफोन आहे, तो दिवसभर भावाच्या खिशात असतो. त्यामुळे ही टक्केवारी मला परकी वाटली नाही.

शेवटी पुन्हा रुवांडाकडे येते, कारण तेथे तारेशिवायचे एक जाळे आहे. १९९४ च्या भीषण हत्याकांडानंतर त्या देशात गावापासून राजधानीपर्यंत स्त्रियांच्या समित्यांची उतरंड उभी राहिली. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क मिळाला. २००३ च्या घटनेने निर्णय घेणाऱ्या सर्व संस्थांत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असे ठरविले आणि संसदेच्या ८० पैकी २४ जागा स्त्रियांसाठी राखल्या. त्या जागा भरताना या समित्यांच्या प्रतिनिधींनाही मत असते. राज्यकारभारावर देखरेख ठेवण्यासाठी वेगळे समता निरीक्षण कार्यालयही आहे. रुवांडात विरोधी पक्षाला फारसा वाव नाही, तेव्हा संसदेतील स्त्रियांची संख्या म्हणजे त्यांची सत्ता असे समीकरण मांडायला मी धजणार नाही. परंतु किगालीच्या कार्यालयाला एखादा नवा कायदा डोंगरावरच्या खेड्यात कळवायचा झाला, तर तेथे समितीत बसलेली, नावानिशी माहीत असलेली एक बाई आहे. अदिस अबाबाहून आलेला कागद किन्यारवांडा भाषेत तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि तिचे म्हणणे त्याच वाटेने वर येऊ शकते. इतर देशांच्या राजधान्यांतली जी कार्यालये एकमेकांशी जोडली गेली आहेत, त्यांतल्या कितीजणींना आपल्या खेड्यातल्या अशा बाईचे नाव सांगता येईल?