पिकअपला इंजिन किती मोठे हवे?

गावात कोणी पिकअप घ्यायची ठरवली, की पारावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "ताकद किती?" मोठे इंजिन ताकदवान पण खादाड, लहान इंजिन काटकसरी पण घाटात दम टाकणारे, असा सर्वांचाच समज असतो. हा समज खरा आहे, पण अर्धाच. उरलेले अर्धे सत्य तुम्हांला शाळेत शिकलेल्या कार्य, ऊर्जा आणि शक्ती या तीन शब्दांतून काढता येईल. घरात बँकेचे कर्ज काढून गाडी घ्यायचे चालले असेल, तर ते काढणे फायद्याचेही आहे.

समजा, रिकाम्या पिकअपचे वजन १,७०० किलोग्रॅम आहे आणि तिच्यात १,३०० किलोग्रॅम टोमॅटो भरले आहेत. एकूण वस्तुमान झाले ३,००० किलोग्रॅम. ही गाडी सपाट डांबरी रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. वेग एकसारखा असल्यामुळे इंजिनाला फक्त दोन विरोधांशी झुंजायचे आहे. एक विरोध टायरचा. टायर जमिनीशी दबतो, पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खातो. चांगल्या रस्त्यावर हा विरोध वजनाच्या सुमारे ०.०१२ पट असतो, म्हणजे येथे साधारण ३५० न्यूटन. दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिकअपचा आकार काही माशासारखा नसतो. समोरचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.५ धरला, तर ६० च्या वेगाला हा विरोध २५० न्यूटन भरतो.

बेरीज ६०० न्यूटन. म्हणजे एक किलोमीटर जायला ६०० × १,००० = ६ लाख जूल कार्य हवे. गिअरपेटी आणि मागचा आस आपला वाटा घेतात. तो एक दशांश धरला, तर इंजिनाने साधारण ६.७ लाख जूल द्यायला हवेत. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा ६.७ लाखांना ६० सेकंदांनी भागा. शक्ती आली सुमारे ११ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १५ अश्वशक्ती!

बाजारात या वजनाच्या पिकअपला ७० अश्वशक्तीच्या पुढचे इंजिन असते. मग बाकीचे घोडे काय करतात? ते तबेल्यात बांधून ठेवले असते तर प्रश्न नव्हता. पण इंजिनातले घोडे काम नसतानाही वैरण खातात, आणि इंधनाचा सारा हिशेब येथेच दडलेला आहे.

इंजिन फिरते तेव्हा दट्टे सिलिंडरच्या भिंतींना घासतात, झडपांच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, तेलाचा आणि पाण्याचा पंप चालतो. गाडी भरलेली असो वा रिकामी, हा खर्च फारसा बदलत नाही. तो प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतो : इंजिन किती लिटरचे आहे आणि त्याचे किती फेरे होतात. मध्यम आकाराच्या डिझेल इंजिनासाठी ठोकळ मानाने एका लिटरला, एका फेऱ्यामागे, ७५ जूल धरायला हरकत नाही. (फेरे फार जलद झाले की हा आकडा वाढतो, पण आपल्याला तूर्त तेवढ्या खोलात जायला नको.)

आता दोन इंजिने घेऊ. एक अडीच लिटरचे, दुसरे दीड लिटरचे. दोघांचेही सर्वांत वरच्या गिअरमध्ये किलोमीटरला २,००० फेरे होतात असे माना. मोठ्या इंजिनाचा स्वतःवरचा खर्च २.५ × २,००० × ७५ = ३.७५ लाख जूल. लहान इंजिनाचा २.२५ लाख जूल. यात गाडीसाठीचे ६.७ लाख मिळवले की एकूण होतात १०.४ लाख आणि ८.९ लाख.

ही ऊर्जा डिझेल जाळून मिळवायची. जळणाच्या उष्णतेपैकी दट्ट्यावर कामाला लागणारा भाग सुमारे ४० टक्के धरू. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख जूल असतात. गणित करून पाहा : मोठे इंजिन लिटरला १३.८ किलोमीटर चालेल, लहान १६.१.

गाडी रिकामी परत येते तेव्हा टायरचा विरोध २०० न्यूटनांवर उतरतो. हवेचा तसाच राहतो, कारण हवेला तुमचे टोमॅटो विकले गेल्याचे कळत नाही. आता आकडे येतात १६.५ आणि १९.९. म्हणजे गाडी जितकी हलकी, तितका मोठ्या इंजिनाचा भुर्दंड जास्त. वर्षाला ३०,००० किलोमीटर, निम्मे भरून आणि निम्मे रिकामे, असे धरले तर दोहोंत सुमारे ३०० लिटर डिझेलचा फरक पडतो. तुमच्याकडचा आजचा भाव घालून त्याचे रुपये करा आणि घरी सांगा.

येथपर्यंत "लहान इंजिन काटकसरी" हा समजच सिद्ध झाला. पण थांबा. दोन्ही इंजिनांचे फेरे आपण सारखे धरले होते. लहान इंजिनात जोर कमी, म्हणून कारखान्याने त्याला खालचे गिअर दिले आणि किलोमीटरला त्याचे ३,३०० फेरे होऊ लागले तर? १.५ × ३,३०० = ४,९५०. तिकडे २.५ × २,००० = ५,०००. स्वतःवरचा खर्च सारखाच झाला, आणि काटकसर कोठल्या कोठे गेली! तेव्हा नुसते लिटर पाहून भागत नाही. लिटर आणि किलोमीटरमागचे फेरे यांचा गुणाकार पाहायला हवा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली अश्वशक्ती येथे फारशी उपयोगाची नाही, कारण ती इंजिन भरधाव फिरत असतानाची असते. आपल्याला हवा आहे तो सावकाश फिरतानाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. तो १,४०० ते २,००० फेऱ्यांना भरपूर असेल, तर वरचा गिअर टाकून गाडी निवांत चालवता येते.

लहान इंजिनाला असा जोर कसा द्यायचा? सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबून. बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाच्या पंख्याने हवा दाबायची, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. तोच आजचा टर्बोचार्जर. जवळपास फुकटच्या धुरावर चालणारे हे यंत्र दीड लिटरच्या इंजिनाला अडीच लिटरचा जोर देते, पण घर्षण मात्र दीड लिटरचेच राहते.

तरी चमत्काराची अपेक्षा करू नये. अमेरिकेत पिकअप हे घरोघरचे वाहन आहे. तेथे फोर्ड कंपनीने एफ-१५० या पिकअपच्या २०११ च्या मॉडेलला पाच लिटरचे ३६० अश्वशक्तीचे साधे इंजिन आणि साडेतीन लिटरचे ३६५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, दोन्ही देऊ केली. दोन्ही पेट्रोलची. महामार्गावरचे सरकारी आकडे होते गॅलनला २१ मैल आणि २२ मैल. आपल्या भाषेत लिटरला ८.९ आणि ९.४ किलोमीटर. इंजिन दीड लिटरने घटले, पण गाडीचे वजन आणि हवेसमोरचे धूड तेच राहिले. टायर आणि हवा यांना टर्बोशी काही देणे-घेणे नसते.

हवेवरून आठवले. आपली भरलेली गाडी ६० ऐवजी ८० ने हाकली, तर एकूण विरोध ६०० वरून जवळजवळ ८०० न्यूटन होतो. लहान इंजिनाची गाडी ८० ने चालवली तर ती लिटरला १३ किलोमीटरच देईल, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ६० ने चालणाऱ्या गाडीपेक्षाही कमी! विचारपूर्वक निवडलेल्या इंजिनाची सारी कमाई चालकाचा उजवा पाय अशी घालवू शकतो.

आता घाट. १५ ला १ चढ असेल तर ३,००० किलोग्रॅमच्या गाडीला वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे १,९६० न्यूटन जास्तीचे लागतात. ताशी ३० किलोमीटरने चढायचे झाले तर इंजिनाने २२ किलोवॅट द्यायला हवेत, सुमारे ३० अश्वशक्ती. पण हा आकडा सर्वांना लागू नाही. नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणारी गाडी कसारा घाट भरलेली उतरते आणि परतताना रिकामी चढते. रिकाम्या गाडीला तसल्याच चढावर १७ अश्वशक्ती पुरते. उलट रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबे नेणारी गाडी आंबा घाट भरलेली चढते. एकच गाडी, एकच वजन, पण इंजिनाची गरज जवळजवळ दुप्पट! "शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही तीच" हा हिशेब येथे चुकतो, कारण शेजाऱ्याचा बाजार घाटाच्या कोणत्या बाजूला आहे हे आपण पाहिलेलेच नसते. सपाटीवर गावोगाव थोडा माल पोहोचवणाऱ्याची गरज तर आणखी कमी. २००५ मध्ये आलेला टाटा एस, ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, सुरुवातीला सुमारे ७०० घनसेंटिमीटरच्या, १६ अश्वशक्तीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर धावत होता, आणि हलक्या मालाला तेवढे पुरत होते.

उतरणीचे एक सांगितलेच पाहिजे. डिझेल वाचवण्यासाठी कित्येक चालक घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, काही तर इंजिनच बंद करतात. भरलेली गाडी ३०० मीटर खाली आली की ८८ लाख जूल मोकळे होतात. एवढ्या ऊर्जेने २५ अंशांवरचे २८ लिटर पाणी उकळीला येईल. टायर आणि हवा यातला काही वाटा घेतात. बाकी सारे ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. इंजिन बंद असेल, तर पायाच्या दाबाला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा : एरवी पैसे खाणारे इंजिनाचे घर्षण आता ब्रेकचे काम करते, आणि आजच्या इंजिनात त्या वेळी डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाहीच, जीव मात्र टांगणीला.

पेट्रोल की डिझेल, याबद्दल थोडक्यात. सुई नसलेली सिरिंज घ्या, तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या ओढा. जोर लागतो ना? पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असल्यामुळे शक्ती कमी करायची तर हवाही अडवावी लागते, आणि अर्ध्या मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात ऊर्जा खर्च होते. डिझेल इंजिन हवा पोटभर घेते, इंधन तेवढे कमी करते. म्हणून कमी भाराला डिझेल सरस. शिवाय लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाखच जूल असतात. सीएनजी तर किलोवर मिळतो आणि एका किलोत सुमारे ४८० लाख जूल असतात, तेव्हा "किलोला इतके किलोमीटर" या आकड्याची लिटरच्या आकड्याशी सरळ तुलना करू नये. रुपयांत करावी. डिझेल गाडीची किंमत मात्र जास्त असते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांमुळे तिच्या धुराड्यात शुद्धीकरणाची बरीच सामग्री बसवावी लागते. रोजची धाव थोडी असेल, तर ही जादा किंमत वसूल व्हायला वर्षे लागतील.

किलोमीटरमागचे फेरे माहितीपत्रकावरून असे काढा. टायरचा व्यास ०.७० मीटर असेल तर परीघ २.२ मीटर, म्हणजे किलोमीटरला चाकाचे सुमारे ४५० फेरे. याला मागच्या आसाच्या गुणोत्तराने आणि सर्वांत वरच्या गिअरच्या गुणोत्तराने गुणायचे, की इंजिनाचे फेरे मिळतात. आता सोडवून पाहा : एका गाडीला अडीच लिटरचे इंजिन, आसाचे गुणोत्तर ४.४, वरच्या गिअरचे ०.८, दुसरीला दीड लिटरचे, आसाचे ५.५ आणि वरच्या गिअरचे १. भरलेल्या गाडीला, ताशी ६० च्या वेगाला, दोहोंच्या ॲव्हरेजमध्ये लिटरमागे पाव किलोमीटरच्या आसपास फरक आला, तर तुमचे गणित बरोबर आहे.