फॉल्स सीलिंगवरील पोकळी आणि रुग्णालयाची अग्निसुरक्षा

खाटेवर उताणे निजलेल्या रुग्णाच्या डोळ्यांसमोर दिवसभर असते ते छत. ते स्वच्छ व नीटनेटके असावे म्हणून आपण स्लॅबखाली जिप्समचे किंवा प्लायवुडचे फॉल्स सीलिंग करतो. त्याच्या वर मात्र विजेच्या तारा, वातानुकूलनाच्या नळ्या आणि प्राणवायूची वाहिनी सामावणारी एक पोकळी उरते. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. प्रस्तुत लेखात या पोकळीचा विचार केला आहे.

दि. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर शेजारच्या भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० दगावली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून गेली. ती आग छतातून लागलेली नव्हती. परंतु आगीच्या ज्वाळेआधी धूर जीव घेतो, आणि ज्या रुग्णाला स्वतः उठून बाहेर पडता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक मिनिट मोलाचे असते, हा तिचा धडा सर्व रुग्णालयांसाठी आहे.

छतावरील पोकळीत आग लागली तर हीच मिनिटे हातची जातात. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्यावर वेल्डिंगचे काम चालू असताना वितळलेला धातू सांध्यातून खाली गळला आणि छताच्या पोकळीतील थर्माकोलसदृश उष्णतारोधक थराने पेट घेतला. आग बराच वेळ नजरेआड धुमसत राहिली. ती खाली उतरली तेव्हा तिने उग्र रूप धारण केले होते. त्या दुर्घटनेत १७ जण मृत्युमुखी पडले.

स्वयंचलित स्प्रिंकलरचे तत्त्व सोपे आहे. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची लहान कुपी असते. ठरावीक तापमानाला ती फुटते व त्या जागी पाण्याचा फवारा सुरू होतो. एक कुपी फुटली की सर्व तोंडे उघडतात, हा समज चुकीचा आहे. जिथे उष्णता पोहोचते तेवढेच तोंड उघडते. मात्र फॉल्स सीलिंगच्या खाली बसविलेल्या स्प्रिंकलरला वरची आग कळत नाही. मधले छतच उष्णता अडवते. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार, जेथे स्प्रिंकलर आवश्यक आहेत तेथे ८०० मिलिमीटरपेक्षा अधिक उंचीच्या पोकळीतही ते बसवावे लागतात. त्याहून कमी उंचीच्या पोकळीत निदान ज्वालाग्राही वस्तू नसाव्यात, ही दक्षता आपण घ्यावयाची आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवामानात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कुपीचे तापमान त्या जागेच्या कमाल अपेक्षित तापमानापेक्षा सुमारे ३० अंशांनी अधिक असावे, असा नियम आहे. सर्वत्र आढळणारी लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो; पत्र्याखालच्या बंद पोकळीत तर उष्णता त्याहून वाढते. अशा ठिकाणी लाल कुपी विनाकारण फुटून वॉर्डात पाणी होऊ शकते. म्हणून तेथे ७९ अंशांची पिवळी किंवा ९३ अंशांची हिरवी कुपी अधिक योग्य ठरते. निर्णय अर्थातच तज्ज्ञाने प्रत्यक्ष तापमान पाहून घ्यावा.

स्प्रिंकलर बसवूनही पुढील चार गोष्टी सांभाळाव्या लागतात :

१) दोन वॉर्डांमधील भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबता स्लॅबपर्यंत न्यावी, तारांसाठी पाडलेली छिद्रे अग्निरोधक साहित्याने बुजवावीत. अन्यथा एका वॉर्डातील धूर वरून दुसऱ्यात उतरतो.
२) पोकळीत धूरशोधक बसवावेत, कारण कुपी फुटण्यापूर्वीच धूर साचू लागतो.
३) प्राणवायूच्या वाहिनीची गळती नियमितपणे तपासावी, बंद जागेत प्राणवायू वाढला की साधी ठिणगीही भडकते.
४) रंगकाम करताना स्प्रिंकलरला रंग लागू देऊ नये. पाण्याची टाकी भरलेली व पंपाला पर्यायी वीज असावी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. ही केवळ कागदी पूर्तता समजू नये. त्या निमित्ताने वर्षातून दोनदा छताची झडप उघडून आत विजेरीचा प्रकाश टाकला जावा.

आपल्या भागात अग्निशामक गाडी येण्यास लागणारा वेळ मोठा आहे. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आले आहेत. अशा ठिकाणी इमारतीनेच आपले रक्षण करावयाचे असते. खाटा, यंत्रे, नवा वॉर्ड यांसाठी दाते उदारपणे देणग्या देतात, आणि त्या गोष्टी सर्वांना दिसतात. छतावरच्या नळीवर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही ज्या रात्री तिची गरज पडेल, त्या रात्री खाटेवर उताणे निजलेल्या रुग्णाला तिच्याइतका दुसरा आधार नसेल. विश्वस्त मंडळांनी अंदाजपत्रक करताना याचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.