आतड्याची प्रतिकारयंत्रणा : एक परिभाषाविचार

वैद्यकीय मजकूर मराठीत आणताना नव्या शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे आतड्याच्या प्रतिकारयंत्रणेत काय बदलते, हा विषय मी यंदा सुरतेतील आमच्या वर्गाला अनुवादाच्या सरावासाठी दिला. उधना-लिंबायतकडून येणारी आमची मुले घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात, दवाखान्यात गुजराती.

‘बायपास’ म्हटले की मराठी माणसाचा हात छातीकडे जातो. इथे मात्र जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. म्हणून ‘जठर-बायपास’ असेच पूर्ण लिहावे.

खरी पंचाईत पुढे आहे. गुजराती डॉक्टर ‘सोजो’ म्हणतात, मुले ‘सूज’ लिहितात आणि वाचक आपले पाय तपासतो. लठ्ठपणात मेदाच्या ऊतींमध्ये जी मंद प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते, ती दिसत नाही, दुखतही नाही. परिभाषेत तिला ‘दाह’ म्हणतात. वजन उतरते तशी या दाहाची रक्तातली खूण, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, सहसा कमी होते. पण ‘दाह कमी होतो’ एवढेच लिहिले, तर वाचक जळजळ थांबेल असे समजतो. जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेनंतर तर काहींच्या छातीतली जळजळ वाढते! ‘न जाणवणारा मंद दाह’ हे लांबलचक आहे, तरी मला तेच हवे.

आणि ‘प्रतिकारशक्ती’. शक्ती म्हटली की ती वाढते किंवा घटते, एवढेच आपल्याला सुचते. आतड्याचे काम मात्र रिंगरोडच्या कापडबाजारातल्या पहारेकऱ्याचे आहे : दिवसभर गठ्ठे आत जाऊ द्यायचे, नको तेवढेच अडवायचे. अन्न आणि नेहमीचे जीवाणू सहन करणे हाही प्रतिकारयंत्रणेचाच भाग. आतड्याच्या अस्तरातून पाझरणारी आयजीए प्रतिपिंडे जीवाणूंना अस्तरापासून दूर ठेवतात, सरसकट मारत नाहीत. जठर-बायपासनंतर अन्नाची वाट बदलते, अन्न आणि पित्त पुढे जाऊन एकत्र येतात, जीवाणूंचे परस्पर प्रमाण बदलते. मग पहाऱ्याची घडीही बदलते. शिवाय लोह, जस्त, बी-12 नीट शोषले जात नाहीत, आणि त्यांच्या उणिवेने हीच यंत्रणा दुबळी पडू शकते.

एका वहीत वाक्य होते : ‘शस्त्रक्रियेमुळे प्रतिकारशक्ती वाढते.’ व्याकरणाने निर्दोष. रुग्णाच्या हाती पडले, तर तो जन्मभराच्या गोळ्या सहाव्या महिन्यात बंद करील. ‘यंत्रणा’ म्हटले की क्रियापदेही बदलतात : ती जुळवून घेते, सैलावते, बिघडते. बरीच खाडाखोड करून वर्गाने शेवटी लिहिले : ‘शस्त्रक्रियेनंतर आतड्याची प्रतिकारयंत्रणा नव्या रचनेशी जुळवून घेते, तिला लागणारी जीवनसत्त्वे आणि क्षार डॉक्टरांच्या सल्ल्याने कायम घ्यावे लागतात.’ ‘क्षार’वरून अजून वाद चालू आहे, अर्ध्या वर्गाला तिथे मीठ दिसते.